पाहुण्याला कोणता देश दाखवावा?

परदेशी अभ्यागतांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ‘भारत-परिचया’त आकडे असतात, स्मारके असतात, पण काम करणारा माणूस क्वचितच असतो. भिलाईजवळच्या जामुलमधून या परिचयाकडे पाहताना...

निवृत्तीनंतर मी जामुलला राहतो. दुर्ग जिल्ह्यातले, भिलाईला लागून असलेले हे गाव. साठच्या दशकात येथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला, कारण पलीकडच्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांतून निघणारी मळी सिमेंटमध्ये वापरता येते. एका कारखान्याचे टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल, असा हा शेजार. पर्यटन नकाशावर जामुल नाही आणि असण्याचे कारणही नाही. तरीही परदेशी माणसाला भारत समजावून सांगायचा तर कोठून सुरुवात करावी, हा प्रश्न मला याच गावात पुन्हापुन्हा पडतो. त्याला माझ्या नोकरीतला एक जुना प्रसंग कारण आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका परदेशी अभियंत्यांच्या शिष्टमंडळासाठी परिचय-टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते आवडलेही. क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, लिखित राज्यघटना, पंचवार्षिक योजना, हवामान, शिष्टाचार, पाणी कोणते प्यावे: अशा टिपणांचा साचा ठरलेला असतो. शेवटी मी ‘स्थानिक परिस्थिती’ या शीर्षकाखाली कंत्राटी कामगारांविषयी एक परिच्छेद लिहिला होता. टंकलेखनाला देण्यापूर्वी तो मीच खोडला. कोणी सांगितले नव्हते. पाहुण्यांना हे कशाला, एवढाच विचार होता.

शिष्टमंडळ आले ते नेमके १ जुलैला. भिलाई पॉवरहाऊस स्थानकाजवळून जाताना लाल-हिरवे झेंडे घेतलेले हजारो स्त्री-पुरुष दिसले. हातात फुले होती, घोषणा होत्या. एका वयस्क अभियंत्याने विचारले, ‘आज कोणता सण आहे?’ मी म्हणालो, ‘स्थानिक कार्यक्रम आहे.’ गाडी पुढे गेली.

तो सण नव्हता. १ जुलै १९९२ रोजी त्याच स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला होता आणि त्यात अनेक कामगार मरण पावले होते. मागण्या साध्या होत्या: खासगी कारखान्यांत कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन. त्याआधी, २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे, या कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत झोपेतच गोळी घालून हत्या झाली होती. ज्या दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईला लोहखनिज मिळते, तेथील मजुरांची संघटना त्यांनी बांधली होती आणि त्या मजुरांच्या वर्गणीतून व श्रमातून तेथे ‘शहीद रुग्णालय’ उभे राहिले होते. पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर होते. ते मला ठाऊक होते आणि मी ते दिले नाही.

देशाचा परिचय करून देण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. फक्त तो बहुधा पाहुण्यांनीच लिहिला. सातव्या शतकात ह्युएन त्संग ज्या कोसलात आला, तो दक्षिण कोसल म्हणजे आजचा छत्तीसगडचाच प्रदेश, असे अनेक अभ्यासक मानतात आणि त्याच्या राजधानीचा संबंध महानदीकाठच्या सिरपूरशी जोडतात. अल् बिरूनीने १०३०च्या सुमारास आपला ग्रंथ पूर्ण केला, तो संस्कृत शिकून. येथील लोकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडायचे, वाद घालायचा नाही, ही शिस्त त्याने स्वतःला घालून घेतली होती.

मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे तो अफानासी निकितिन. रशियातील त्वेर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. मध्यस्थी झाली म्हणून तो सुटला. पुढे तो बहामनींच्या बीदरला गेला. त्याच्या नोंदींत दरबारातील उमरावांचे ऐश्वर्य आहे आणि उघड्या अंगाने राबणाऱ्या प्रजेचे दारिद्र्यही आहे. धर्मग्रंथ लुटले गेल्याने आपले सण केव्हा येतात हेच कळत नाही, ही त्याची वेदनाही आहे. त्याला कोणी परिचय-पुस्तिका दिली नव्हती. म्हणूनच त्याने दोन्ही पाहिले.

पाचशे वर्षांनी रशियनांची दुसरी खेप आली, ती आमच्या भिलाईला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. त्याच काळात रुरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहत होते. निकितिनवर ख्वाजा अहमद अब्बास यांचा सहभाग असलेला ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपटही त्याच दशकातला. भिलाईतील मैत्री बाग आजही त्या पर्वाची खूण म्हणून उभी आहे.

त्या मैत्रीची फळे खरी आहेत. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा, विदर्भ येथून आलेली माणसे एका नगरीत शेजारी झाली, मुले एकाच शाळेत शिकली. भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते उगाच नव्हे. पण सार्वजनिक कारखान्याच्या आखीव वसाहतीत कायम नोकरी, घर आणि दवाखाना, तर कुंपणापलीकडच्या वस्तीत रोजंदारी, ही दरीही त्याच नियोजनातून पडली. परिचय-पुस्तिकेत वसाहतीचे छायाचित्र येते, वस्तीचे येत नाही.

आकड्यांच्या बाबतीतही असेच घडते. २०११च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषा १२१ आणि त्यांपैकी आठव्या अनुसूचीत २२, हे कोणतीही पुस्तिका सांगेल. मात्र माझ्या गल्लीत बोलली जाणारी छत्तीसगडी त्या १२१मध्ये स्वतंत्र नाही. तिच्या सुमारे १.६ कोटी भाषकांची गणना ‘हिंदी’खाली होते. राज्याने २००७ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा दिला, तरी देशाच्या तक्त्यात ती दिसत नाही. पाहुणा येथील भाजीबाजारात उभा राहिला, तर त्याला तक्त्यात नसलेलीच भाषा ऐकू येईल.

महाराष्ट्रातील वाचकांनी हा प्रदेश दूरचा मानू नये. अठराव्या शतकात रतनपूरची गादी नागपूरकर भोसल्यांकडे आली आणि बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. तरीही नागपूर-पुण्याच्या माझ्या मित्रांना हा भाग पोलाद आणि नक्षलवाद या दोनच शब्दांत ठाऊक आहे. म्हणजे परिचयाची गरज केवळ परदेशी पाहुण्यालाच आहे असे नाही.

मग करावे काय? पर्यटन खात्याने स्मारके दाखवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ‘अतुल्य भारत’ मोहिमेची चित्रे खोटी नाहीत. माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक जिल्ह्याचे परिचय-टिपण त्या जिल्ह्यातील लोकांनी आधी वाचावे आणि त्यात आपण सापडतो का ते सांगावे. उत्पादनाचा आकडा दिला, तर ते उत्पादन कोण करते आणि कोणत्या अटींवर, हेही त्याच पानावर यावे. जेथे वाद आहे तेथे वाद आहे असे लिहावे. रुळांवर बसून कायम नोकरी मागता येते, गोळीबारानंतरही दरवर्षी त्याच जागी जमता येते, हीसुद्धा या प्रजासत्ताकाची ओळख आहे. ती लपवल्याने देशाची शोभा वाढते, असे मला तेव्हा वाटले होते. आता वाटत नाही.

तो वयस्क अभियंता आज हयात असेल की नाही, मला माहीत नाही. त्याचा प्रश्न मात्र साध्या कुतूहलाचा होता. दरवर्षी १ जुलैला मी जामुलहून पॉवरहाऊसला जातो आणि गर्दीच्या कडेला उभा राहतो. एखाद्या नवख्या माणसाने विचारले, आज येथे काय आहे, तर आता मी थांबून सांगतो. सगळे सांगायला साधारण दहा मिनिटे लागतात.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत. अनुवादित लेख.)