परसातला सुतार आणि वठलेला माड

गोव्यातील गावांत सकाळच्या वेळी परसातून ठकठक असा कोरडा आवाज येऊ लागला, की माडाच्या खोडाकडे पाहावे. पाठ सोनेरी पिवळी, गळा काळा-पांढरा आणि डोक्यावर लालभडक तुरा असलेला पक्षी खोडाला बिलगून झटक्याझटक्याने वर सरकताना दिसतो. हा सोनपाठी सुतार. सुतारपक्ष्यांच्या अनेक जाती राज्यातील रानांत आहेत. पण माणसांच्या वस्तीत, माड-आंब्यांच्या सोबतीने राहणारा मुख्यतः हाच. नराचा सगळा माथा तांबडा असतो, तर मादीच्या कपाळाचा भाग काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात. एवढी खूण लक्षात ठेवली तरी जोडी ओळखता येते.

या पक्ष्याविषयी बागायतदारांत एक समज रूढ आहे. सुतार झाड पोखरतो आणि म्हणून झाड मरते, असे मानून त्याला दगड मारून हाकलले जाते. वास्तविक क्रम बहुधा उलटा असतो. सुताराला हव्या असतात मुंग्या, वाळवी आणि लाकडात वाढणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या. निरोगी, रसरशीत लाकडात त्याला फारसे काही मिळत नाही. तो सालीवर टोचे मारीत जातो, जिथे आत पोकळी किंवा कीड असते तिथे थांबतो आणि मग खोदू लागतो. एकाच जागी तो रोज येत असेल, तर दोष त्याला देण्याऐवजी ते खोड तपासणे शहाणपणाचे. माडाच्या खोडावरील छिद्रांतून तपकिरी द्रव ओघळत असेल आणि चावलेला भुसा बाहेर पडत असेल, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या शिरल्या असण्याचा दाट संभव असतो. हे पक्ष्याचे काम नव्हे.

इतक्या जोराने लाकडावर आपटूनही त्याच्या मेंदूला इजा कशी होत नाही, हा प्रश्न जुना आहे. कवटीतील स्पंजासारखे हाड धक्का शोषून घेते, असे उत्तर पाठ्यपुस्तकांतूनही दिले जात असे. २०२२ साली बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठातील सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुतारपक्ष्यांच्या तीन जातींचे अतिवेगवान चित्रीकरण करून हे उत्तर खोडून काढले. चोच आणि कवटी एकसंध, ताठ हातोड्याप्रमाणे आदळतात, असे त्यांना आढळले. विचार केला तर ते साहजिकच आहे. हातोड्याला उशी बांधली तर खिळा कसा ठोकला जाणार? पक्ष्याचा मेंदू मुळातच इतका लहान असतो, की त्या आघाताने त्याच्यावर येणारा ताण धोक्याच्या मर्यादेखाली राहतो.

बाकीची हत्यारेही या कामाला साजेशी आहेत. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने उभ्या खोडावर पकड बसते. शेपटीची ताठ पिसे तिवईच्या तिसऱ्या पायासारखी टेकू देतात. जिभेला आधार देणारी हाडे मागून कवटीला वळसा घालून वर येतात. त्यामुळे जीभ चोचीबाहेर लांबवर काढून बिळातली अळी ओढता येते.

ठकठकीतही फरक असतो. अन्न शोधतानाचे टोचे अनियमित, थांबत थांबत पडतात. पोकळ फांदीवर एका दमात, ताशासारखी वाजवलेली लकेर मात्र खोदण्यासाठी नसते. हद्द सांगण्याची आणि जोडीदाराला बोलावण्याची ती रीत आहे.

घरट्यासाठी सुतार बहुधा वठलेले किंवा कुजू लागलेले लाकूड निवडतो. ढोलीचे तोंड आडवे असते आणि आतली वाट खाली उतरते. तळाशी गवत-काडीचे अस्तर नसते. पांढरी अंडी, साधारणतः तीन, तशीच घातली जातात. सुमारे ११ दिवसांत ती उबतात आणि आणखी २० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. रिकाम्या ढोलीला नंतर भाडेकरू मिळतात: साळुंकी, पोपट, दयाळ, पिंगळा. यांपैकी कोणालाही स्वतः लाकूड कोरता येत नाही.

अडचण वेळेची आहे. विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत चालतो. पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या छाटण्याची आणि मेलेले माड पाडण्याची घाई होते तीही एप्रिल-मे महिन्यांत. घराच्या छपरावर किंवा वीजवाहिनीवर कोसळू शकेल असे झाड काढावेच लागते. त्याबाबत हळवेपणा परवडत नाही. पण ते काम डिसेंबर-जानेवारीत उरकता येते. परसाच्या कडेला, कोणाच्या अंगावर पडणार नाही असा वठलेला माड असेल, तर शेंडा उतरवून खालचे खोड उभे ठेवण्यानेही भागते. उन्हाळ्यातच कुऱ्हाड चालवणे भाग असेल, तर आधी बुंध्याशी लाकडाचा ताजा, फिकट कीस पडला आहे का ते पाहावे आणि लांब उभे राहून अर्धा तास छिद्रावर नजर ठेवावी. पिल्ले असतील तर मोठे पक्षी चारा घेऊन येतातच. तसे आढळल्यास पाडेल्याला तीन आठवड्यांनी बोलवावे.