घर घेताना, भाग ९ : तिथं राहतं कोण?

मागच्या दोन भागांत आपण आरएल, आखीव पत्रिका आणि फेरफार पाहिले. कागद स्वच्छ निघाले की नागपूरचा घर घेणारा माणूस अशा प्रश्नाकडे वळतो, ज्याचं उत्तर कुठल्याही कागदावर नसतं. ‘तिथं राहतं कोण?’ प्लॉट दाखवायला आलेल्या एजंटला हा प्रश्न गाडीवरून उतरता उतरता, हळू आवाजात विचारला जातो. उत्तरही ठरलेलं असतं. ‘काळजी करू नका भाऊ, सगळी आपलीच मंडळी आहेत.’ विचारणाऱ्याचं आडनाव एजंटने फोनवरच विचारून ठेवलेलं असतं. त्यामुळे आपली म्हणजे कोणती, हे दोघांनाही बोलून दाखवावं लागत नाही.

आजचा भाग या माहितीबद्दल आहे. वस्तीत कोण राहतं हे कळावंसं वाटणं गैर नाही. पण ते कुणाच्या तोंडून कळतं आणि कळल्यावर त्याचं काय केलं जातं, यावर शहराची ठेवण ठरते.

नागपूरच्या जुन्या वस्त्या ज्या त्या समाजाच्या नावाने ओळखल्या जातात, त्याला कारणं होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर उठणाऱ्या कामगारांच्या वस्त्या वाढल्या. उत्तर नागपुरातली इंदोरा, पाचपावली ही आंबेडकरी चळवळीची घरं झाली. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचं मोमिनपुरा, हलबा आणि कोष्टी विणकरांची तांडापेठ आणि गोळीबार चौकाचा परिसर. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी जरीपटका उभा केला. माग जिथे, तिथे विणकर. जमीन मिळाली तिथे निर्वासित. या वस्त्यांनी माणसांना आधार दिला, हे विसरून पुढचं बोलता येणार नाही.

पण मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर इथं माग नव्हता आणि गिरणीही नव्हती. काल-परवापर्यंत तिथं शेतं होती. शेताचं लेआउट पडलं, कोऱ्या नकाशावर प्लॉटचे नंबर आले. अशा ठिकाणी तरी शेजार नव्याने जमायला हवा होता. प्रत्यक्षात अनेक लेआउटमध्ये जुनीच विभागणी पुन्हा उमटलेली दिसते. थोडी ती ओळखीपाळखीतून आली आहे. शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची गृहनिर्माण संस्था निघाली, एकाने भावाला सांगितलं, भावाने साडूला. यात कुणाला ढकललेलं नाही. उरलेली विभागणी मात्र एजंटच्या डायरीत होते.

ती होते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण यात नकाराचा शब्द कुठेच उच्चारला जात नाही. फोनवर ‘पूर्ण नाव सांगा’ म्हटलं जातं. मग एकाला चार जागा दाखवल्या जातात, दुसऱ्याला त्यातल्या दोन. ज्याला दोनच दाखवल्या त्याला उरलेल्या दोन होत्या हेच कळत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. आग्रहाने जाहिरातीतल्या घराबद्दल विचारलंच तर ‘ते घर कालच गेलं’, ‘मालकाच्या मुलाला हवंय आता’, ‘मालक पुण्याला असतात, फोन उचलत नाहीत’. भाड्याच्या घराला ‘फक्त शाकाहारी कुटुंब’ अशी पाटी लागते. सावजीच्या या शहरात ती पाटी ताटाबद्दल कमी आणि आडनावाबद्दल जास्त बोलत असते. मला या सगळ्यात तोंडावर दिलेल्या नकारापेक्षा न दाखवलेलं घर अधिक घातक वाटतं. नकाराविरुद्ध निदान भांडता येतं.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. आपल्या विदर्भातलेच अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आली. पद्धत साधी होती. नोकरी आणि ऐपत सारखीच सांगायची, फक्त नाव बदलायचं. फोनवर विचारणा करणाऱ्या सवर्ण हिंदू नावांना होकार मिळत गेला. दलित नावांपैकी १८ टक्क्यांना आणि मुस्लिम नावांपैकी ३१ टक्क्यांना थेट नकार आला. आणखी बऱ्याच जणांना घर मिळणार होतं, पण जास्त भाडं किंवा जादा अटी मान्य करून.

तिथेच पैशाचा मुद्दा येतो. ज्यांना शहराचा अर्धाच नकाशा उघडा आहे, त्या सगळ्यांची मागणी त्या अर्ध्या नकाशावर एकवटते. मग अरुंद गल्लीतल्या, पाणी कमी दाबाने येणाऱ्या घरालाही चढा भाव द्यावा लागतो, आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईकही त्याच वर्तुळातलं शोधावं लागतं. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. काही बँका शहराचे काही भाग कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र म्हणून बाजूला ठेवतात. तिथं राहणाऱ्या माणसाचा पगार आणि परतफेडीचा इतिहास कितीही चांगला असला, तरी त्याचा पत्ता आड येतो.

अमेरिकेत हेच नकाशावर लाल रंगाने केलं गेलं होतं. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ म्हणून लाल केल्या. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी करणारा कायदा सह्या होऊन लागू झाला. त्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या एजंटच्या डायरीला नेमकी लागू पडते. गिऱ्हाइकाचा वंश किंवा धर्म पाहून त्याला ठरावीक वस्तीकडे वळवणं हा तिथे गुन्ह्यासारखाच दोष मानला जातो. म्हणून तिथल्या एजंटला ‘या भागात कोण राहतं?’ असं विचारलं तर तो सहसा उत्तर देत नाही, जनगणनेचे आकडे बघून घ्या म्हणतो. माहिती दडवलेली नाही, ती सगळ्यांना सारखीच खुली आहे. फक्त विकणाऱ्याने ती गिऱ्हाईक पाहून वाटायची नाही. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. भेदभाव तिथेही संपलेला नाही, पण अन्याय झालेल्या माणसाला दाद मागायला दार तरी आहे.

आपल्याकडे ते दार कुठे आहे?

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले, आणि ओळख कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई आहे. घराचं नाव त्यात नाही. कलम १९ देशात कुठेही राहण्याचं आणि स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य देतं, पण ते प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागायचं. खाजगी मालकाने दार लावलं तर ते कलम दाखवून फारसं काही साधत नाही.

एक कायदा मात्र घराबद्दल स्पष्ट बोलतो, आणि तो बहुतेकांच्या गावी नसतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ सांगतं की अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यापासून, घेण्यापासून वा त्यात राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. कलम १२ त्याहून महत्त्वाचं आहे. अडवलं गेलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. हा भक्कम आधार आहे. पण मुस्लिम कुटुंबाला, ख्रिश्चन कुटुंबाला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. न्या. सच्चर यांनी समान संधी आयोगाची शिफारस केली, त्याचा आराखडा करायला माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट बसला, २००८ मध्ये त्याचा अहवालही आला. आयोग झाला नाही. रेरा आला, त्याने बिल्डरला कार्पेट एरियापासून ताब्याच्या तारखेपर्यंत सगळ्यात बांधलं. गिऱ्हाइकाला जात-धर्म पाहून परत पाठवू नये, एवढं एक वाक्य त्यात असायला हवं होतं आणि अजूनही घालता येईल.

सहकारी संस्थांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या सहकारी घरबांधणीची सुरुवातच अशी एका समाजाच्या नावाने झाली, आणि तेव्हा तिने परक्या शहरात आलेल्या मध्यमवर्गीय माणसाला परवडणारं छत दिलं. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सभासदत्व फक्त पारशांना, अशी उपविधी होती. एका सभासदाला समाजाबाहेर विक्री करायची होती. न्यायालयाने उपविधी कायम ठेवली. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात ती बसते, असं मानलं गेलं. छोट्या, घटत चाललेल्या समाजाची काळजी मला समजते. पण त्याच आधारावर उद्या एखाद्या बलाढ्य समाजाने आख्खं उपनगर कुलूपबंद केलं तर त्याला काय म्हणायचं, याचं उत्तर त्या निकालात मला सापडत नाही.

महाराष्ट्रात आज आपल्यापैकी बहुतेक जण ज्या सोसायट्यांत घर घेतात, त्यांच्या उपविधींत अशी अट नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम २३ सांगतं, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज देऊन पोच घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नाकारलं तर उपनिबंधकांकडे जाता येतं. आदर्श उपविधींनुसार घर विकायला सोसायटीची ना हरकत लागत नाही, हेही लक्षात ठेवा. ‘कमिटी एनओसी देणार नाही’ ही धमकी देऊनच अनेक विक्रेत्यांना गिऱ्हाईक बदलायला लावलं जातं. नागपुरात मात्र अनेक इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे कलम २३ नाही, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन चालतं. त्यात पुनर्विक्रीवर किंवा भाडेकरूवर काही बंधन घुसवलं आहे का, हे सही करण्याआधी वाचावंच लागतं.

इथं एक फरक करायलाच हवा. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल, हंसापुरीत जो हिंसाचार झाला, त्यानंतर एखाद्या कुटुंबाला आपल्या माणसांत राहावंसं वाटलं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. मशीद, विहार, गुरुद्वारा जवळ हवा असं वाटणं हीदेखील घराची एक गरज आहे. घर शोधणाऱ्याची ही निवड आहे. किल्ली हातात असलेल्याने दिलेला नकार वेगळा, कारण तो दुसऱ्याची निवड संपवतो. आणि सरसकट मिसळलेला शेजार अशक्य आहे असंही नाही. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के घरं राखीव असतात, आणि शेजारी कोण हे सोडत ठरवते. त्या वसाहतींत पाण्याच्या टाकीवरून भांडणं होतात, गणपती बसतात, दहावीच्या निकालाला पेढे वाटले जातात.

आता जी माहिती खरोखर घेतली पाहिजे तिच्याकडे येऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत तळमजले बुडाले. पश्चिम नागपूरचा हा भारी भाग. तिथे घर घेताना वस्तीतली मंडळी कोण, हे अनेकांनी विचारलं असेल. तलावाच्या सांडव्यापासून आपला प्लॉट किती खाली आहे, हे किती जणांनी विचारलं? घर घेण्याआधी पावसाळ्यात एकदा त्या रस्त्यावर उभं राहा. विकास आराखड्यात नाला कुठून जातो ते पाहा. नळाला किती वेळ पाणी येतं, गडर लाइन मुख्य लाइनला जोडलेली आहे की सेप्टिक टँकवर भागतं, हे समोरच्या घरातल्या बाईंना विचारा. त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

आणि आकडे हवेच असतील तर ते जनगणनेतून घ्या. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. वॉर्डनिहाय तक्त्यांत कुटुंबसंख्या, साक्षरता, काम करणारे, अनुसूचित जाती-जमातींची संख्या मिळते. घरयादीच्या तक्त्यांत पाण्याचा स्रोत, शौचालय, सांडपाण्याची व्यवस्था, वीज हेही मिळतं. धर्माचे आकडे शहराच्या पातळीवर थांबतात, वॉर्डापर्यंत उतरत नाहीत, आणि ते तसंच असावं असं माझं मत आहे. हे आकडे आता जुने झालेत. पुढची मोजणी २०२७ मध्ये आहे आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच तीत सगळ्या जातींची नोंद होणार आहे. कुठल्या समाजाच्या वाट्याला पाण्याविना, रस्त्याविना वस्त्या आल्या हे त्यातून दिसलं, तर महापालिकेला जाब विचारता येईल. पण जातीचे आकडे गल्लीच्या पातळीपर्यंत खुले झाले, तर एजंटला नाव विचारण्याचीही गरज उरणार नाही. किती बारीक पातळीपर्यंत आकडे प्रसिद्ध करायचे, हा निर्णय म्हणूनच आकड्यांइतकाच मोलाचा आहे, आणि त्यावर आत्ताच बोललं पाहिजे.

या आठवड्यात जागा बघायला निघणाऱ्यांना एक विनंती. एजंटला सांगा, ‘या बजेटमधल्या सगळ्या जागा दाखवा, माणसांचं आमचं आम्ही पाहून घेऊ.’ तुमच्या देखत दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘घर गेलं’ म्हटलं गेलं आणि तेच घर तुम्हाला दाखवलं गेलं, तर तारीख, वेळ आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि त्या माणसाला कळवा. कलम ४ खाली तक्रार करायची झाली तर अशा साक्षीनेच ती उभी राहते.

पुढील भागात : डीड ऑफ डिक्लरेशन कसं वाचायचं, आणि त्यातली कोणती कलमं सहीआधी बदलून घेता येतात.