स्वयंसेवकांचं आकाश, लेखांक ३ : एकामागे एक

गेल्या आठवड्यात आपण सिव्हिल एअर पेट्रोलच्या हौशी वैमानिकांना अटलांटिक किनाऱ्यावर सोडून आलो. साल १९४२, विमानं ज्याची त्याची स्वतःची, खाली जर्मन पाणबुड्या. ज्या पोरांसाठी ही लेखमाला घेतली ती मात्र अजून गोष्टीत आलेली नाहीत. आज येतील. या अमेरिकन संघटनेत मुलं पहिल्यांदा शिरली कशी आणि आजही शिरतात कशी, एवढंच आज बघायचं आहे. मुलांना आत घेण्याचा जो नियम पहिल्याच वर्षी केला गेला, तो पुढे रद्द झाला. पण त्यामागची रीत काही सुटली नाही. मला या विषयाची ओढ लागली ती या रीतीमुळे.

थोडी उजळणी. संघटना स्थापन झाली १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या सहा दिवस आधी. कल्पना गिल रॉब विल्सन यांची. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात विमानं उडवून आले, मग काही वर्षं पाद्री होते आणि पुढे न्यू जर्सी राज्याच्या हवाई वाहतुकीचा कारभार त्यांच्याकडे आला. युद्ध सुरू झालं की खासगी विमानं जमिनीवर बसवणार, ही धास्ती तेव्हा सगळ्याच हौशी वैमानिकांना होती. देशाच्या कामी आलो तर निदान उडता तरी येईल, हा हिशेब देशप्रेमाच्या जोडीला होताच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलांचा विभाग सुरू झाला १ ऑक्टोबर १९४२ ला. नियम असा होता, की संघटनेतल्या प्रत्येक प्रौढ सभासदाला एकच कॅडेट आणता येईल. पुरुषाने एक मुलगा आणायचा, बाईने एक मुलगी. वय १५ ते १७. हायस्कूलची पहिली दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत, पुढेही मार्क चांगले राखायला हवेत, तब्येत ठणठणीत हवी. जन्म अमेरिकेतलाच हवा आणि आईवडील किमान दहा वर्षं अमेरिकेचे नागरिक असलेले हवेत. म्हणजे पोराने स्वतःहून अर्ज करून उपयोग नव्हता. तुझ्या नावापुढे कुणाचं नाव आहे, हे आधी बघितलं जायचं.

या अटी मुद्दामच कडक ठेवल्या होत्या. पाया पक्का होईपर्यंत गर्दी नको, थोडीच पण चांगली मुलं हवीत, असं चालकांचं म्हणणं. विमानाच्या नावावर देशभरातली पोरं धावत येतील आणि त्यांना शिकवायला माणसं पुरायची नाहीत, ही भीती रास्त होती. पण झालं भलतंच. गर्दी आवरायला घातलेल्या याच नियमाने ती वाढवली. सहा महिन्यांत वीस हजारांहून जास्त कॅडेट जमले, आणि सरकारचा त्यावर झालेला खर्च दोनशे डॉलरच्याही आत होता, हे संघटनेच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं.

असं का झालं असावं? माझ्या मते, नियमाने प्रत्येक प्रौढाच्या हातात एक रिकामी जागा दिली म्हणून. एकच जागा आहे म्हटलं की माणूस ती वाया घालवत नाही. तो आजूबाजूला बघायला लागतो. पुतण्या आहे, शेजाऱ्याचा थोरला आहे, आणि शाळा सुटली की सायकल टेकवून धावपट्टीच्या कुंपणाशी तास तास उभा राहणारा तो एक पोरगा आहे, ज्याला आजवर कुणी नावही विचारलेलं नाही. अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर असे कुंपणाशी उभे राहणारे पोरगे ठरलेलेच असत. विमान धुवायला, पुसायला फुकट राबायचे आणि त्या बदल्यात कधीतरी एक फेरी मिळेल म्हणून वाट बघायचे. या नियमाने त्यांच्यासाठी फाटक उघडलं, आणि उघडणाऱ्यावर त्यांची जबाबदारीही टाकली. आणलेला कॅडेट बिघडला तर बोट आणणाऱ्याकडे दाखवलं जाणार होतं.

आपल्याकडे ढोल-ताशा पथकात पोरं येतात ती साधारण अशीच. जाहिरात बघून येणारा विरळा. चुलतभाऊ टिपरू धरतो म्हणून हा सरावाला बघायला जातो, आणि तिसऱ्या दिवशी याच्या कमरेला ढोल असतो.

या रीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण गौरवग्रंथात ती एका ओळीत आटपतात. ओळखीने माणसं येतात तेव्हा ओळखीच्यासारखीच येतात. संघटनेत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी कमी होत्या. बाईने एकच मुलगी आणायची म्हटल्यावर मुलींच्या जागाही तितक्याच. म्हणजे मुलींना कुणी नाही म्हटलं नाही, पण त्यांच्या वाट्याचं फाटकच अरुंद. काळ्या मुलांचं तेच. जिथे काळ्या वैमानिकांना विमानतळावर उभं करत नव्हते, तिथे त्यांच्या मुलांना हात धरून आणणार कोण? म्हणून शिकागोजवळच्या हार्लेम विमानतळावरचं काम मला मोलाचं वाटतं. विला ब्राउन आणि कॉर्नेलियस कॉफी तिथे विमानविद्येची शाळा चालवत. १९४२ मध्ये विला ब्राउन सिव्हिल एअर पेट्रोलच्या पहिल्या कृष्णवर्णीय अधिकारी झाल्या आणि तिथलं स्क्वाड्रन, म्हणजे संघटनेची स्थानिक तुकडी, गोऱ्या-काळ्यांची एकत्र होती. दाराशी असं माणूस असलं की दार कुणासाठी उघडतं, तेही बदलतं.

आणि आपली माणसं? आईवडिलांच्या नागरिकत्वाची ती दहा वर्षांची अट पुन्हा वाचा. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘गोरा’ नाही, तेव्हा त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हा अडसर १९४६ च्या कायद्याने दूर झाला. म्हणजे १९४२ मध्ये आईवडील दोघंही हिंदुस्थानातून गेलेले असतील, तर मुलगा जन्माने अमेरिकन असूनही या विभागात येणं त्याला जवळजवळ अशक्यच होतं. मार्कांचा आणि तब्येतीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

युद्धानंतरचं भराभर सांगतो. १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसची सनद मिळाली, १९४८ मध्ये संघटना अमेरिकन हवाई दलाची अधिकृत साहाय्यक झाली. एकास एकचा नियम गेला. आता वयाच्या बाराव्या वर्षापासून अठरापर्यंत कॅडेट म्हणून नाव घालता येतं आणि एकविसापर्यंत कॅडेट राहता येतं. नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, पुरतं. आईवडिलांच्या दहा वर्षांबद्दल कुणी विचारत नाही.

मग आता मुलं येतात कशी? काही विमान बघून येतात, हे खरं. निकोल मालाखोव्स्की यांनी वयाच्या पाचव्या वर्षी एअर शोमध्ये एफ-४ फँटम बघितलं आणि लढाऊ वैमानिक व्हायचं तेव्हाच ठरवलं. पुढे त्या सिव्हिल एअर पेट्रोलच्या कॅडेट झाल्या आणि नंतर अमेरिकन हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरतपथकातल्या पहिल्या महिला वैमानिक. पण एअर शोला येणारी सगळीच मुलं विमान बघतात. त्यातली थोडी त्याच वेळी आपल्याच वयाचा गणवेशातला पोरगाही बघतात, जो हात वर करून शेकडो माणसांना मागे सरायला सांगतो आणि माणसं मुकाट सरतात. ऑशकॉशला दरवर्षी विमानांची जी प्रचंड जत्रा भरते, तिथेही असे कॅडेट धावपट्टीजवळ कामाला असतात. तेरा वर्षांच्या मुलाचं घरात कुणी ऐकत नाही. त्याला विमानापेक्षा त्या वर केलेल्या हाताचं आकर्षण जास्त वाटलं तर नवल नाही.

बाकीची मुलं कुणाच्या तरी मागे येतात. वर्गातला मित्र, थोरली बहीण, चर्चमधले काका. पैसे भरायच्या आधी नुसतं येऊन बसायची मुभा असते. साधारण तीन बैठका बघा आणि मग ठरवा, असा रिवाज आहे. बैठक आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दोन-अडीच तास. जागा मिळेल ती, विमानतळावरचं हँगर, शाळेचा हॉल, नाहीतर नॅशनल गार्डची इमारत.

ती पहिली संध्याकाळ जवळून बघण्यासारखी असते. रांगा लागलेल्या असतात, सगळे गणवेशात आणि नवा पोरगा जीन्समध्ये, रांगेच्या टोकाला. ‘सावधान’ झालं की त्याचे हात लोंबकळत राहतात. मग बाहीवर पट्ट्या असलेला कुणी चौदा-पंधरा वर्षांचा सार्जंट येतो आणि त्याला मूठ कशी वळायची, अंगठा पँटच्या शिवणीला कसा लावायचा, टाचा जुळवून पावलं कशी उघडी ठेवायची ते दाखवतो. दाखवणारा स्वतः वर्ष-दोन वर्षांपूर्वी त्याच टोकाला उभा होता. इथे बहुतेक गोष्टी मुलंच मुलांना शिकवतात. प्रौढ अधिकारी मागे भिंतीशी उभे. मुलाला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोराला ‘सर’ म्हणावं लागतं. काहींना ते झेपत नाही आणि ती पुन्हा येत नाहीत. यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

इकडे बाहेर गाडीत आईवडील बसलेले असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भारतीय वस्तीतलं मराठी घर असेल, तर आदल्या आठवड्यातलं बोलणं मला डोळ्यांसमोर दिसतं. “फुकट विमानात बसवतात? का म्हणून?” हा बाबांचा पहिला प्रश्न. “अरे पण याला आर्मीत तर ओढणार नाहीत ना?” हा आईचा. मुलगा वैतागून म्हणणार, “आई, रोहनपण जातो!” आणि बहुतेक घरांत निकाल या तिसऱ्या वाक्यावर लागतो. आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र द्यायला हवीत. सैन्यात जायचं कसलंही बंधन नाही आणि बहुतेक कॅडेट जात नाहीत. जाणाऱ्याला फायदा असा, की कॅडेट अभ्यासक्रमातल्या मिचेल पुरस्कारापर्यंत पोचलेला कॅडेट हवाई दलात भरती झाला तर सुरुवातीलाच वरच्या हुद्द्यावर घेतला जातो. आणि विमान खरंच फुकट. अठरा वर्षांखालच्या कॅडेटला इंजिनाच्या विमानातली पाच आणि ग्लायडरमधली पाच उड्डाणं मिळतात. पुढच्या सीटवर बसायचं आणि उंचावर गेल्यावर थोडा वेळ सुकाणूही हातात घ्यायचं. उड्डाण आणि उतरणं वैमानिकाकडे. कॉलेजच्या अर्जात हे सगळं छान दिसतं, हा विचारही घरात होतोच. तो करणाऱ्यांना नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

गाडीतल्या बापाचं पुढे काय होतं, ते मजेशीर आहे. दोन-अडीच तास करायचं काय? थंडी पडली की तो आत येतो. खुर्च्या उचलू लागतो. मग कुणीतरी विचारतं, तुम्ही हिशेब ठेवाल का? संघटनेला हे इतकं ठाऊक आहे, की कॅडेटच्या नातेवाइकांसाठी सभासदत्वाचा एक वेगळा प्रकारच तिने करून ठेवला आहे. त्यांनी मुलांसोबत प्रवासाला जायचं, शिबिरात हात लावायचा, पूर्ण गणवेशी कारभार अंगावर घ्यायचा नाही. पण बोटांचे ठसे द्यायचे, पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यायची आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण पूर्ण करायचं. यातून सूट कुणालाच नाही. यातलेच काही पुढे पूर्ण सभासद होतात, आणि त्यासाठी वैमानिक असावं लागत नाही. संघटनेतले बहुतेक प्रौढ वैमानिक नाहीतच. १९४२ मध्ये मोठ्याने मुलाला आणायचं होतं. आता कितीतरी स्क्वाड्रनमध्ये मुलगा मोठ्याला घेऊन येतो.

आपल्या एनसीसीच्या हवाई विभागाशी याची तुलना वाचकांच्या मनात आली असेल. आपला हा विभाग १९५० साली मुंबई आणि कोलकात्यापासून सुरू झाला, आणि निळा गणवेश, ड्रिल, विमानाची ओढ हे सगळं तिथेही आहे. फरक दाराचा. एनसीसीचं दार साधारणपणे शाळा-कॉलेजातून उघडतं. तुमच्या कॉलेजात हवाई विभाग असेल तर नोटीस लागते, जागा ठरलेल्या असतात, मैदानावर पळवतात, निवड होते. नसेल तर तुमची विमानाची हौस कितीही असो, तुम्ही बाहेर. सिव्हिल एअर पेट्रोलला शाळेशी देणंघेणं नाही, निवडीची धाव नाही, जवळ स्क्वाड्रन असलं की झालं. त्यामुळे एनसीसीत नोटीस जे काम करते, ते तिथे माणसाला करावं लागतं. दोन्हींतलं बरं कुठलं, हे मी सांगणार नाही. ज्याच्या ओळखीत कुणीच नाही, त्या पोराला भिंतीवरची नोटीस बरी, एवढं नक्की.

एक गोष्ट राहिली. नाव घातल्यावर पहिली पायरी ‘करी’ नावाची, संघटनेचे पहिले राष्ट्रीय प्रमुख मेजर जनरल जॉन करी यांच्या नावाची. त्यासाठी ड्रिल, थोडा अभ्यास, व्यायाम आणि नियमित हजेरी लागते. एका पायरीवरून दुसरीवर जायला किमान आठ आठवडे. या पहिल्या आठवड्यांत मुलं सर्वांत जास्त गळतात, असा स्क्वाड्रन चालवणाऱ्यांचा अनुभव. विमानासाठी आलेला पोरगा आठवड्यामागून आठवडे डावं-उजवं वळत राहतो आणि विमान काही दिसत नाही. हवामान बिघडतं, वैमानिकाला सुट्टी नसते, यादी लांब असते. म्हणून शहाणे स्क्वाड्रन प्रमुख दोन गोष्टी करतात. नव्या मुलांना एकेकटं न सोडता एका तुकडीत एकत्र शिकवतात, आणि पहिलं उड्डाण होता होईल तितकं लवकर घडवून आणतात.

त्या पहिल्या उड्डाणात सेसनाच्या उजव्या सीटवर नेमकं काय काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.