जाहिरातीविना वकिली

भारतात वकिलाला आपल्या कामाची जाहिरात करता येत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने व्यावसायिक वर्तनाचे जे नियम केले आहेत, त्यांतला ३६ वा नियम तसे बजावतो. परिपत्रके, जाहिराती, दलाल, ओळखदेख नसताना घेतलेल्या गाठीभेटी, स्वतः चालवत असलेल्या खटल्यांविषयी वर्तमानपत्रांना पुरवलेली माहिती आणि छायाचित्रे, काम मिळवण्याच्या अशा सगळ्या उघड आणि आडवाटा या एका नियमाने बंद केल्या आहेत. त्यामुळे वकिलाने आपला जम कसा बसवावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्याच्या ऑफिसातच शोधावे लागते. डायरी कशी ठेवली जाते, फीचा हिशेब कसा दिला जातो आणि पक्षकाराला खबर वेळेवर मिळते की नाही, यावर पुढचे काम येणे-न येणे ठरते.

नियम इतका कडक का, याचा एक धडा मुंबईतलाच आहे. फौजदारी न्यायालयांच्या दारात उभे राहायचे, येणाऱ्या पक्षकाराला गाठायचे, फी पाडून सांगायची आणि वेळप्रसंगी धक्काबुक्की करून त्याचे कागद हिसकावून घ्यायचे, असा प्रकार काही वकिलांकडून होत असल्याच्या तक्रारी १९६० च्या दशकात झाल्या. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिली हा व्यापार नाही आणि खटले हा बाजारातला माल नाही, या आशयाचे खडे बोल सुनावले. दलालांचा बंदोबस्त आजही कायद्यातच आहे. २०२३ च्या दुरुस्तीने १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट रद्द झाला, पण दलालांच्या याद्या करण्याची तरतूद कलम ४५अ म्हणून ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये आली.

नावाच्या पाटीवरही नियमाची नजर आहे. पाटी वाजवी आकाराची असावी. बार असोसिएशनचे किंवा बार कौन्सिलचे पद, पूर्वी भूषवलेले न्यायाधीशपद, अमुक प्रकारच्या खटल्यांतले प्रावीण्य, यांतले काहीही तिच्यावर असू नये. ‘माजी अध्यक्ष, तालुका बार असोसिएशन’ अशी ठळक अक्षरे असलेल्या पाट्या मात्र गावोगाव दिसतात आणि सहसा कोणी हरकत घेत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या एका याचिकेच्या निमित्ताने २००८ मध्ये नियमात थोडी शिथिलता आली. वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देता येऊ लागली. म्हणजे जे पाटीवर लिहिता येत नाही, ते साध्या रूपात संकेतस्थळावर चालते. ही विसंगती कोणाच्याही लक्षात यावी, पण नियम तसाच आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बेट्स खटल्यात वकिलांची जाहिरातबंदी मोडीत काढली. भारतात मात्र जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ग्राहक जोडून देणाऱ्या ऑनलाइन मंचांवरच्या वकिलांच्या जाहिराती नियमाविरुद्ध ठरवल्या. खटला जिंकल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर रील काढणाऱ्या तरुण वकिलाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

मोकळ्या राहिलेल्या वाटा जुन्याच आहेत. जुने पक्षकार नवे पक्षकार आणतात. ज्याच्याकडे दिवाणी काम जास्त, तो वकील फौजदारी प्रकरण बाररूममधल्या विश्वासाच्या सहकाऱ्याकडे पाठवतो. कायद्याच्या एखाद्या विषयावर लेख लिहिणे किंवा व्याख्यान देणे यालाही मज्जाव नाही, फक्त त्यात आपल्या चालू खटल्यांचा डंका नको. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव असणे नवोदितांना विशेष उपयोगी पडते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक मोफत वकिलाला पात्र असतात. त्या कामात मानधन थोडे मिळते, पण साक्षीपुरावा चालवण्याचा सराव होतो आणि कोर्टात चेहरा ओळखीचा होतो.

आलेले काम टिकते ते डायरीवर. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाच्या डायरीत मागची तारीख, न्यायालय, रे.मु.नं. किंवा फौजदारी खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, त्या दिवशीचे काम आणि पुढची तारीख असे रकाने असतात. कामाच्या रकान्यात ‘नि. ५ वर युक्तिवाद’, ‘कैफियत’, ‘समन्स बजावणी’ अशा त्रोटक नोंदी दिसतात. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दाव्यात बहुधा निशाणी ५ म्हणून लागतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात ‘निशाणी पाच’ एवढे म्हटले तरी पुरते. चूक होते ती शेवटच्या रकान्यात. पुकारा होतो, कोर्ट तारीख देते, ज्युनिअर ती घाईघाईत फाइलच्या पुठ्ठ्यावर टिपतो आणि पुढच्या तारखेच्या पानावर ती नोंद चढवायची राहून जाते. खटला डायरीतून सुटला, हे मग थेट ‘विना कैफियत’ किंवा ‘नो क्रॉस’ असा हुकूम झाल्यावरच कळते. पुढे तो हुकूम रद्द करण्याचा अर्ज, त्यावर समोरच्यांचे म्हणणे, भरावा लागणारा खर्च आणि पक्षकारापुढे खाली गेलेली मान. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले. पण त्या निकालाच्या भरवशावर ऑफिस चालवता येत नाही.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो रोज करावा लागतो. कोर्टातून परतल्यावर त्या दिवशीच्या सगळ्या फाइली एकाच माणसाने घेऊन बसावे, प्रत्येकीची पुढची तारीख दोन्ही पानांवर चढवावी आणि तोवर कोणतीही फाइल कपाटात जाऊ देऊ नये. ताळा करायला ई-कोर्ट्स सेवा आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. पुण्याच्या खटल्याचा ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. तो टाकला की टप्पा, पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात. मोबाइल ॲपमध्ये आपल्या खटल्यांची यादी साठवता येते. तिची प्रत अधूनमधून दुसरीकडे काढून ठेवावी, फोन बदलताना ती हमखास आठवते. संगणकावरची तारीख आणि कोर्टात ऐकलेली तारीख जुळली नाही, तर रोजनामा पाहिल्याशिवाय कोणतीच खरी धरू नये.

तारखांच्या डायरीत न येणारी कामे मुदतींची असतात आणि तीच जास्त घातक. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, अशी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची साखळी आहे. साध्या दाव्यात कैफियतीला ३० दिवस आणि कोर्टाने वाढवून दिले तर ९० दिवसांपर्यंत वेळ मिळतो. व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो. अशा मुदतींसाठी वेगळी वही किंवा मोबाइलचे कॅलेंडर लागते. त्यात शेवटच्या दिवसासोबत मसुदा पुरा करण्याचा आठवडाभर आधीचा दिवसही लिहावा, कारण शेवटच्या दिवशी ई-फायलिंगला हटकून अडचण येते. मुदत मे महिन्याच्या सुट्टीत संपत असेल तर न्यायालय उघडण्याच्या दिवशी दाखल करता येते. तेवढी सवलत मुदत कायद्याच्या कलम ४ ने दिली आहे, पण ती शेवटचा आधार म्हणूनच धरावी.

पक्षकार आपापसांत वकिलाविषयी बोलतात तेव्हा निकालाइतकीच ‘साहेब फोन उचलत नाहीत’ ही तक्रार ऐकू येते. तारीख झाली त्या संध्याकाळी कारकुनाने चार ओळींचा निरोप पाठवला तरी तिचे निम्मे कारण उरत नाही. ‘आज समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, कोर्टाने दिली. पुढची तारीख १४ ऑगस्ट. त्या दिवशी तुमचा उलटतपास आहे, हजर राहणे जरूर. दोन दिवस आधी संध्याकाळी मूळ खरेदीखत घेऊन ऑफिसला यावे.’ एवढे पुरते. पक्षकाराला यातून वाट पाहण्याचे कारण कळते, आणि पुढे वाद झालाच तर वकिलाने काय कळवले होते याचा पुरावाही राहतो. वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. बार कौन्सिलकडे शिस्तभंगाची तक्रार करण्याचा पक्षकाराचा मार्ग मात्र खुलाच आहे.

फीबद्दल बोलायला वकील संकोचतात आणि पक्षकारही. वकीलपत्रावर सही होते तेव्हाच एका कागदावर फीचे टप्पे लिहिले की हा संकोच एकदाच सोसावा लागतो: दावा दाखल करेपर्यंत किती, निशाणी ५ च्या निकालापर्यंत किती, पुराव्यापासून युक्तिवादापर्यंत किती. कोर्ट फी स्टॅम्प, टायपिंग, नकला, प्रवास हा खर्च वेगळा मांडावा. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि फी कोणती, खर्च कोणता हे दाखवणे नियमांनीच बंधनकारक केले आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे २० व्या नियमाने निषिद्ध आहे. भूसंपादनाचा वाढीव मोबदला आणि अपघात भरपाई या प्रकरणांत हा नियम राजरोस मोडला जातो, हे कोर्टाच्या आवारात कोणाला नवीन नाही. मोडणाऱ्याला सुरुवातीला काम भरपूर मिळते. रक्कम हाती आल्यावर पक्षकाराशी होणारे भांडणही बहुधा त्याच्याच वाट्याला येते.

निकाल लागला की फाइल लगेच गाठोड्यात बांधू नये. प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा, मूळ कागद पोच घेऊन परत द्यावेत आणि अपिलाची मुदत लेखी कळवावी. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असतात. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज ज्या दिवशी दिला ती तारीख फाइलवर हवीच. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जायचा म्हणाला, तर नव्या वकिलाला पहिल्याची ना हरकत लागते, आणि राहिलेल्या फीसाठी ती अडवून धरण्याची रीत काही ठिकाणी आहे. कागद मात्र अडवता येत नाहीत. फी बाकी असली तरी पक्षकाराच्या फाइलवर वकिलाचा ताबाहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले. बाकी फीसाठी वकिलाने वेगळा दावा लावावा.