खलाशाचा वेळ रिकामा, शौकिनाचा खिसा रिकामा

जहाजावरच्या जुन्या वस्तू जमवायचं वेड ज्यांना आहे, त्यांनी सिंगापूरला गेल्यावर मॉलच्या आधी क्वीन्सटाउन गाठावं. एलिझाबेथ राणीच्या १९५३च्या राज्याभिषेकानिमित्त हे नाव मिळालं. आज या भागाच्या एका अंगाला जुन्या सरकारी इमारती आहेत, दुसऱ्या अंगाला पासिर पांजांगचं कंटेनर बंदर आणि मध्ये केंट रिजवर राष्ट्रीय विद्यापीठ. तिथल्या ली काँग चियान नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये तुमच्या दिवाणखान्यासाठी काही मिळणार नाही, पण शौकिनाचा पहिला धडा तिथेच छताला टांगलेला आहे.

पहिला धडा साडेदहा मीटरचा

तिचं नाव जुबी. स्पर्म व्हेल जातीची मादी. जुलै २०१५मध्ये जुराँग बेटाजवळ मेलेल्या अवस्थेत सापडली. सिंगापूरच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष होतं, म्हणून ज्युबिलीवरून जुबी. पोटात माखलीच्या चोचींचा ढीग आणि सोबत प्लास्टिकचे कप. आता तिच्या सांगाड्याचा खालचा जबडा नीट पाहा. स्पर्म व्हेलचे कामाचे दात तेवढ्या खालच्या जबड्यातच असतात. बाजारात ज्याला सोन्याचा भाव येतो, तो माल हाच.

कंटाळ्यातून कला

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी देवमासेमार जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं घरी परतत नसत. शिकार रोज मिळत नसे, वेळ मात्र रोज उरे. मग खलाशी देवमाशाचे दात घासूनपुसून गुळगुळीत करत, शिडाच्या सुईनं किंवा चाकूच्या टोकानं त्यावर चित्र कोरत आणि रेघांत काजळी भरत. हेच स्क्रिमशॉ. नॅन्टकेटच्या ‘सुसान’ जहाजावर फ्रेडरिक मायरिकनं १८२८-२९मध्ये कोरलेले दात संग्राहकांना आजही वेड लावतात. राष्ट्राध्यक्ष केनेडी याच छंदाचे. १९६३मध्ये असा एक दात त्यांच्यासोबत दफनही केला गेला.

दर्यावर घडली करंजीची कातण

खलाशी बायकोसाठी काय काय घडवत, त्यात अव्वल नंबर एका दातेरी चाकाचा. हस्तिदंतासारख्या शुभ्र दाताचं चाक, हाडाची मूठ. दिवाळीत करंजीची कड कापायला आपण जी कातण फिरवतो, तीच! तिकडे ती ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या पारीची कड मुडपायला वापरत. काहींना एकाच मुठीवर चाक आणि काटा दोन्ही असतात.

प्रेमाची भेट, पण दुकानातून

अष्टकोनी लाकडी पेटी, आत रंगीत शिंपल्यांची नक्षी. तिला म्हणतात ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’. बिचाऱ्या खलाशानं रात्र रात्र जागून शिंपले चिकटवले, अशी सगळ्यांची समजूत. पुढे एका पेटीच्या आतून बार्बाडोसच्या वर्तमानपत्राचे तुकडे निघाले आणि बिंग फुटलं. बहुतेक पेट्या बार्बाडोसमध्ये बनत आणि खलाशी घरी जाताना विकत घेत. ऐनवेळी विमानतळावर भेटवस्तू घेणाऱ्यांनी हसू नये.

जेवणातून जहाज

नेपोलियनशी लढाया चालू असताना इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉस छावणीत हजारो फ्रेंच कैदी होते. शिध्यातल्या मटणाची हाडं ते उकळून साफ करत आणि त्यांतून दोरखंड-तोफांसकट युद्धनौका उभ्या करत. छावणीच्या बाजारात त्या विकून चार पैसेही मिळत. बाटलीतल्या जहाजाची गंमत वेगळी. डोलकाठ्या आडव्या पाडून जहाज आत सरकवायचं आणि मग दोरा ओढून त्या उभ्या करायच्या. असं एक जुनं जहाज जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये आहे, १७८४चं.

पितळेची पोल

मुंबईच्या चोरबाजारात ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेली चकचकीत दुर्बीण दिसली, तर हसून पुढे व्हा. केल्विन आणि ह्यूज या दोन कंपन्या एकत्र आल्या त्या १९४७मध्ये. जन्माच्या तीस वर्षं आधी सही कोण करेल? रुडकीत अशी पितळी होकायंत्रं, सेक्स्टंट शोभेसाठी आजही बनतात. शोभेचं म्हणून घेतलं तर हरकत नाही, पुराणवस्तूचा भाव मात्र देऊ नका. खरा जुना सेक्स्टंट ओळखायचा तर कमान पाहा. तिच्यात चांदीची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावरच्या रेघा इतक्या बारीक, की वाचायला भिंग लागतं. जाड, ओबडधोबड रेघा दिसल्या की समजावं, हा माल भिंतीचा.

सिंगापुरात निकामी

अरबी समुद्रातले जुने नावाडी ‘कमाल’ वापरत. एक लाकडी फळी, तिला गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि ध्रुव किती वर आहे ते गाठींवरून ठरवायचं. मुंबईहून ध्रुव सुमारे १९ अंश वर दिसतो. सिंगापुरात तो जेमतेम सव्वा अंशावर, म्हणजे क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यातच हरवलेला. तिथे कमालही हात टेकतो.

चुकीच्या नकाशाचं बक्षीस

जेम्स हॉर्सबर्ग या दर्यावर्द्याचं जहाज १७८६मध्ये चुकीच्या नकाशापायी दिएगो गार्सिया बेटाला फुटलं. त्यानं हाय खाल्ली नाही. मुंबई आणि चीनच्या फेऱ्या करता करता नकाशेच दुरुस्त केले आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा जलआलेखक झाला. १८५१मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी त्याच्या नावाचं दीपगृह उजळलं. त्याच्या नकाशांच्या मूळ प्रती आज संग्राहकांना हव्या असतात.

खिळा नको, सुंभ हवा

२०१० साली ओमाननं सिंगापूरला ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे जहाज भेट दिलं. नवव्या शतकातल्या बुडालेल्या जहाजावरून बेतलेलं, खिळ्यांऐवजी काथ्यानं फळ्या शिवलेलं. तीच विद्या गोव्यात पुन्हा जागी झाली. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज पाहून तिथे ‘कौंडिण्य’ शिवलं गेलं आणि मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं.

हौसेला कायद्याची वेसण

व्हेलचा दात सापडला तरी घरी आणू नका. स्पर्म व्हेलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे. व्हेलच्या उलटीपायी कोकणात कितीजण पकडले गेले, ते आपण पेपरात वाचतोच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेणं तर पुरावस्तू कायद्यात बसतच नाही.

मग जमवायचं काय? गाठी! क्लिफर्ड ॲशलेनं १९४४च्या आपल्या ग्रंथात ३,८००हून जास्त नोंदींत गाठी मांडल्या. हाताशी हातभर सुंभ असला की झालं. परवाना लागत नाही, जागा अडत नाही आणि पहिली नीट बसायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात खलाशाच्या रिकाम्या वेळाची किंमत कळते.