चेन सरळ, पण चाक वाकडे! कस्टम बाइक बांधताना आधी काय मोजायचे?

मागच्या चाकाला रुंद टायर बसवला की गाडी लगेच भारदस्त दिसते. पण पहिल्याच फेरीत खरखर सुरू होते. वाकून पाहिले तर टायरच्या कडेला काळी रेघ उमटलेली असते. चेन तिथे घासत असते.

यावर सर्रास होणारा उपाय ठरलेला आहे. मागच्या स्प्रॉकेटमागे वॉशर टाकायचे आणि एक्सलवरचे स्पेसर इकडचे तिकडे करून चाक तेवढेच विरुद्ध बाजूला सरकवायचे. चेन सरळ होते, टायर सुटतो, आवाज थांबतो. काम झाले असे वाटते, पण आता मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहिलेले नसते. सपाट रस्त्यावर ते फारसे जाणवत नाही. चोर्ला किंवा आंबोली घाटात मात्र डावीकडे वळताना गाडी एक वागते आणि उजवीकडे वळताना दुसरी.

म्हणून नियम एकच : आधी चाक फ्रेमच्या मध्यावर, मग एक्सल काटकोनात आणि शेवटी चेन. हा क्रम उलटला की एक दोष झाकण्यासाठी दुसरा तयार होतो.

तिरकी चेन कशी ओळखावी?

मागच्या स्प्रॉकेटचे दात नीट पाहावेत. दातांची एकच बाजू घासून चकचकीत झाली असेल, तर चेन तिरकी धावते आहे. चेनच्या आतल्या पट्ट्यांवरही एकाच बाजूला घासल्याच्या खुणा दिसतात. अशी चेन तापते, ओ-रिंग लवकर जातात, आतले वंगण संपते आणि काही कड्या आखडतात. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटजवळ अडकली तर इंजिनचे केसिंग फुटू शकते किंवा मागचे चाक जागीच जाम होऊ शकते. वेगात असताना हे झाले तर सावरायला वेळ मिळत नाही.

पहिली पायरी : लाइनदोरी

महागडे लेझर यंत्र नसले तरी चालते. गवंड्याची लाइनदोरी पुरते. गाडी स्टँडवर सरळ उभी करावी, हँडल सरळ ठेवावे. दोरी मागच्या टायरभोवती घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे न्यावी. स्टँड आडवा येणार नाही, पण टायरला जितकी उंचावर लावता येईल तितकी लावावी. दोरी मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. पुढचा टायर सहसा अरुंद असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना फट राहील. ती फट डावी-उजवीकडे सारखी आली, तर चाके एका रेषेत आहेत.

यानंतर स्विंगआर्मच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्याच्या, पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. अॅडजस्टरवरच्या खुणांवर भिस्त ठेवू नये. त्या कंपनीतूनच थोड्या मागे-पुढे असू शकतात, आणि वेल्डिंग केलेल्या चिमट्यावर तर त्यांना काही अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी : टायर घेण्याआधी हिशेब

गाडीच्या मध्यरेषेपासून चेनच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे चेनलाइन. समजा ती ७५ मिमी आहे आणि चेनची एकूण रुंदी २० मिमी, म्हणजे निम्मी १०. मूळ टायर ११० मिमीचा असेल तर त्याची निम्मी रुंदी ५५. ७५ मधून ५५ आणि १० वजा केले की १० मिमी मोकळी जागा उरते. टायर १२० चा घेतला तर ५ मिमी उरते. १३० ला काहीच उरत नाही, आणि १४० चा टायर ५ मिमीने चेनमध्ये घुसतो.

टायरवर छापलेली आणि प्रत्यक्षातली रुंदी रिमप्रमाणे थोडी बदलते. त्यामुळे टायर रिमवर चढवून, हवा भरून मग व्हर्नियरने मोजलेले बरे.

याच गाडीत १४० चा टायर बसवून ५ मिमी फट हवी असेल, तर चेन १० मिमी बाहेर काढावी लागेल. तीही दोन्ही टोकांना. फक्त मागचे स्प्रॉकेट बाहेर काढले तर चेन तिरकी होते. पुढे ऑफसेट स्प्रॉकेट लावता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. स्प्रॉकेट जितके बाहेर जाईल, तितका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर ताण वाढतो, शाफ्टवरची त्याची पकडही कमी होऊ शकते. म्हणून अनेकदा एक माप लहान टायर घेणे हाच शहाणपणा ठरतो.

तिसरी पायरी : वॉशर नको, स्पेसर

मागचे स्प्रॉकेट बाहेर काढायचेच असेल, तर सुट्या वॉशरची चळत लावू नये. उद्यमबागेत किंवा शिरोलीत लेथवर एकसंध स्पेसर सहज बनतो. टर्नरला दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगाव्यात. दोन्ही तोंडे समांतर हवीत, आणि हबवरच्या गोल खांद्यावर स्पेसर घट्ट बसला पाहिजे. तसे नसेल तर स्प्रॉकेट मध्यावर बसत नाही आणि चाक फिरताना चेन आळीपाळीने सैल आणि ताठ होते. बोल्टही तेवढेच लांब घ्यावेत, म्हणजे हबमध्ये आटे पूर्वीइतकेच धरतील.

शेवटी मागच्या स्प्रॉकेटला सरळ स्टीलपट्टी लावून ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्यावी. दोन्हींची जाडी वेगळी असेल तर माप दातांच्या मध्यापासून घ्यावे. फरक १ मिमीच्या आत आणण्याचा प्रयत्न असावा.

फ्रेम नवी असेल तर

वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. त्यामुळे इंजिनचे माउंटिंग आणि चिमटा आधी फक्त टाक्यावर धरावा. चाके, इंजिन, चेन लावून सगळे मोजावे. मगच पक्के वेल्डिंग करावे आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजावे. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. शॉक काढून, चिमटा हाताने वर-खाली करून ही जागा शोधावी आणि तिथेही चेनला थोडी ढील राहते ना, हे पाहावे. मोजताना किंवा वंगण लावताना इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे. चालत्या चेनमध्ये बोट गेले तर ते परत मिळत नाही.

कागदांचे काय?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देशभर लागू आहे. केए, एमएच, जीए, पासिंग कुठलेही असो. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून फ्रेम कापण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. कापलेली फ्रेम पुन्हा जोडता येते, पण ती पहिल्यासारखी होत नाही.