अंगणातले गवत आणि उतारवयाची तब्येत

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की पंधरा दिवसांत अंगणाच्या कडेने गवत उभे राहते. दापोली, गुहागर, मालवणकडच्या घरांभोवती श्रावणापर्यंत ते गुडघ्याच्या वर जाते. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही फार वेगळे चित्र नसते. घर बांधले तेव्हा मालक चाळिशीत होता. आता तो पंचाहत्तरीत आहे, मुले मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत, आणि आवार मात्र तेवढेच आहे. वर्षानुवर्षे येणारा गडी थकला, त्याचा मुलगा कंपनीत लागला. नवा माणूस ‘उद्या येतो’ म्हणतो आणि तो ‘उद्या’ काही उजाडत नाही. मग एका सकाळी आजोबा स्वतःच कोयती घेऊन अंगणात उतरतात, नाहीतर आजी खुरपे घेऊन ओल्यात उकिडव्या बसतात.

त्यानंतर मनगट किंवा खुबा मोडला, कंबर धरली किंवा ताप आला, तर केसपेपरवर त्या दुखण्याचे नाव लिहिले जाते. ‘माळी आला नाही’ हे कारण कुठेच नोंदले जात नाही. पण आवार असलेल्या घरात राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी भरवशाचा माळी ही हौसेची बाब नाही. स्वतःच्या घरात आणखी दहा वर्षे सुखरूप राहायचे असेल, तर ती रक्तदाबाच्या गोळीइतकीच नियमित हवी अशी गोष्ट आहे.

वयाबरोबर काय बदलते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि जीवघेण्या पडण्याचे सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्या लोकांत आहे. पावसाळ्यातले अंगण पडण्यासाठी जणू तयारच असते. चिऱ्यावर आणि फरशीवर शेवाळ, गवताखाली झाकलेला खड्डा, वाटेत आडवी पडलेली पाण्याची नळी. तरुणपणी पाय घसरला तरी शरीर क्षणात सावरते. सत्तरीनंतर स्नायूंची ताकद, नजर आणि तोल तिन्ही थोडे थोडे कमी झालेले असतात, हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यामुळे तेच घसरणे खुब्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेते.

दुसरी बाब रक्तदाबाची. अर्धा तास वाकून गवत उपटल्यावर एकदम उभे राहिले की काहींचा रक्तदाब झपकन उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरत असेल, तर डॉक्टर त्याकडे गांभीर्याने पाहतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच गोळ्यांमुळे अंगातले पाणीही लवकर कमी होते, आणि वयामुळे तहान लागल्याची जाणीव उशिरा होते. म्हणून औषधाचा आढावा घेताना ‘मी बागेत काम करतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळी मनाने बंद करू नये.

रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडून डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसत नसले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. आत रक्तस्राव हळूहळू होत राहण्याची शक्यता असते.

गवतात काय दडलेले असते?

वाढलेले गवत नुसते ओंगळ दिसते म्हणून काढायचे नसते. उंदीर, बेडूक आले की त्यांच्यामागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. कोकणातल्या कातळपट्ट्यात फुरसे नेहमीचे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये. माणसाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते.

दुसरा धोका न दिसणारा. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. गवत-झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. त्यात कधी कधी काखेत, जांघेत किंवा कमरेशी सिगारेटचा चटका बसावा तसा काळा डाग दिसतो, पण तो दुखत नसल्याने लक्षात येत नाही. दोन्ही आजारांवर वेळेत दिलेली औषधे उत्तम काम करतात. मात्र डॉक्टरांना तसा संशय यावा लागतो. गवतात काम केल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ही माहिती सर्वांत आधी सांगावी.

कुंड्यांखालच्या ताटल्या, नारळाच्या करवंट्या, कोपऱ्यात पडलेला टायर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून ताटल्या घासल्या, तर ही साखळी तुटते. माळी महिन्यातून एकदा सगळे आवरून जातो, पण मधले तीन आठवडे कोणी फिरकत नाही, हे म्हणूनच पुरेसे नसते.

सगळे काम सोडू नये

या सगळ्याचा अर्थ ज्येष्ठांनी खुर्चीत बसून राहावे असा नाही. पासष्टीपुढच्या व्यक्तींनीही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बागकामातून त्यातले बरेच साधते. शिवाय आपण लावलेल्या जास्वंदीला फूल आल्याचा आनंद गोळीत मिळत नाही.

प्रश्न वाटणीचा आहे. रोपे लावणे, फुले काढणे, कंबरेच्या उंचीवरच्या कुंड्यांची निगा, झारीने थोडे पाणी घालणे, भाजी खुडणे ही कामे स्वतःकडे ठेवावीत. ती पाटावर किंवा उंच स्टुलावर बसून, सकाळी लवकर, पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घालून करावीत. मोबाइल घरात न ठेवता खिशात ठेवावा. पडल्यावर हाक ऐकायला कोणी नसेल, तर तोच कामाला येतो.

शिडीवर चढणे, ग्रासकटर चालवणे, झावळ्या ओढणे, भरल्या बादल्या वाहणे, शेवाळ घासणे, उंच गवतात हात घालणे आणि तणनाशक हाताळणे ही कामे वयाच्या सत्तरीनंतर दुसऱ्याकडेच द्यावीत. ‘एवढेच तर आहे’ म्हणून केलेल्या कामातच बहुतेक वेळा घात होतो.

भरवशाचा माणूस कसा मिळवायचा?

कोकणात जून-जुलैत हाताला माणूस मिळत नाही, कारण सगळे लावणीत असतात. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येकालाच अंगण साफ हवे असते. गरज लागल्यावर शोधायला निघाले की निराशा ठरलेली. एप्रिल-मे महिन्यातच बोलणे करून ठेवावे. पावसाळ्यात दोन किंवा तीन वेळा गवत कापायचे, त्याच्या अंदाजे तारखा आणि दर महिन्याला एक दिवस देखभालीचा, असा वर्षाचा हिशेब आधी मांडला की समोरच्यालाही ते पक्के काम वाटते. एका घराचे काम छोटे असते, म्हणून माणूस टाळतो. वाडीतल्या किंवा गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवला, तर त्याचा पूर्ण रोज भरतो आणि तो येतो. भरवसा बहुतेक वेळा असाच तयार होतो.

माणूस शोधायला जवळची रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र, गावातला महिला बचत गट आणि शेजारच्या घरी नेमाने येणारा गडी ही चांगली ठिकाणे. निव्वळ फोनवर ठरवू नये. आधी अर्ध्या दिवसाचे छोटे काम देऊन पाहावे. वेळेवर आला का, कापलेले गवत उचलले का, रोपटे आणि तण यांतला फरक त्याला कळतो का, न विचारता झाड तोडले का, एवढे पाहिले तरी अंदाज येतो. एकाऐवजी दोघांचे नंबर जवळ ठेवावेत. लग्नसराई, आजारपण कोणालाही येते.

पैशांचे बोलणे स्पष्ट असावे. रोजावर की उक्ते, ग्रासकटर आणि पेट्रोल कोणाचे, कचरा कोण नेणार, हे कागदावर दोन ओळींत लिहून घ्यावे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये, पण काम झाल्यावर संध्याकाळचे पैसे सकाळवर ढकलूही नयेत. वेळेवर पैसे देणाऱ्या घराकडे माणूस आधी वळतो. एकट्या राहणाऱ्यांनी ओळखपत्राची प्रत घ्यावी, शेजाऱ्यांना माणसाची ओळख करून द्यावी, आणि घराची किल्ली व कपाट यांपासून बागेचे काम वेगळे ठेवावे. फसवणूक किंवा दमदाटी झाली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

त्याची सुरक्षितता हीही आपलीच जबाबदारी

ग्रासकटरच्या पात्याने उडालेला खडा डोळा घालवू शकतो. यंत्र चालू असताना इतरांनी किमान 15 मीटर लांब राहावे, असे अशा यंत्रांच्या सूचनापत्रकात असते. म्हणजे कापणी चालू असताना ओट्यावर उभे राहून सूचना देणे टाळायला हवे. चालवणाऱ्याला गमबूट, चष्मा आणि हातमोजे हवेत. एक जोड घरातच आणून ठेवला, तर कोणीही आले तरी वापरता येतो. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटायला सांगावे. त्याने अंगावर पुरळ उठतो आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो.

‘औषध मारून टाकतो, कापायलाच नको’ असे कोणी सुचवले तर थांबावे. ग्लायफोसेट हे तणनाशक केवळ प्रशिक्षित कीड नियंत्रण चालकांनीच वापरावे, असा निर्बंध केंद्र सरकारने 2022 मध्ये घातला आहे. पॅराक्वाट पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होतात. उरलेले तणनाशक सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. नजर कमी झालेल्या घरात ती बाटली असताच कामा नये.

नारळ काढणारे पाडेली दिवसेंदिवस कमी होत आहेत. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साह्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजनाही आहे. आपल्याकडे येणाऱ्याने तो विमा घेतला आहे का, हे विचारावे आणि नसेल तर माहिती द्यावी. सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ वेळेवर काढले नाहीत, तर ते खाली वावरणाऱ्यांच्या डोक्यावर पडण्याचा धोका असतो.

मुलांनी काय करावे?

लांब राहणारी मुले बहुधा फोनवरून माणूस ठरवतात, पैसेही परस्पर पाठवतात. सोय होते, पण आई-वडील स्वतःच्याच अंगणात पाहुणे होतात. माणूस कोण असावा, काय कापावे आणि काय राखावे, हे त्यांनीच ठरवू द्यावे. पैशांची आणि शोधाची जबाबदारी मुलांनी घ्यावी. दरवर्षी नीट असलेले आवार एखाद्या वर्षी वाढू लागले, तर ‘बाबा आळशी झाले’ असे म्हणण्याऐवजी गुडघे, डोळे, श्वास आणि मन यांची विचारपूस करावी. अंगणाकडे दुर्लक्ष हे कधी कधी नैराश्याचे किंवा विसराळूपणाचे पहिले दिसणारे लक्षण असते.

सुट्टीत घरी गेल्यावर आवाराचा व्यापही कमी करता येतो. फाटकापासून दारापर्यंत खरखरीत फरशीची वाट आणि तिला एका बाजूने कठडा, नळ हाताच्या उंचीवर, कुंड्यांची संख्या निम्मी, आणि घराभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा कायम मोकळा. उरलेल्या जागेत गवत थोडे वाढले तरी चालेल. आवार सगळेच चकचकीत नसले तरी हरकत नाही. रोज चालायची वाट स्वच्छ आणि कोरडी असली, ठरलेल्या दिवशी फाटक वाजले आणि ओळखीचा माणूस आत आला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोयती हातात घ्यावी लागत नाही.